नदीकाठचा दुखवटा

वडील गेले तो शनिवार होता. शाळा सकाळची होती. साडेबाराला ते घरी येत. एक वाजला, आले नाहीत. दीड वाजता शाळेचे शिपाई आले. त्यांनी आईला ताट झाकून ठेवायला सांगितले आणि मला चप्पल घालायला सांगितले. मी अकरावीत होतो.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनी आठवतात. सावेडीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एरवी कुकरची शिट्टी हाच सर्वांत मोठा आवाज असे. वडील मराठीचे शिक्षक, मी त्यांचा मुलगा, आणि आम्ही दोघे दिवसाकाठी मिळून जेवढे बोलत असू तेवढे आई एका भाजीवाल्याशी बोलत असे. आता जिन्यात सतत चपला वाजत होत्या. खालच्या मजल्यावरून चहाचे पातेले वर येई आणि रिकामे होऊन खाली जाई. शेजारणी कडू घासाची भाकरी-पिठले घेऊन येत, सतरंजीवर बसत, आणि बसल्या की आईकडे पाहत. सगळ्यांना एकच काळजी होती. आई रडली नव्हती. पहिल्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. ती अर्धी भाकरी खाई, उरलेली अर्धी माझ्या ताटात ठेवी, आणि रात्रभर छताच्या पंख्याकडे बघत पडून राही. "साठून राहिलं तर माणूस खचतं," असे वरच्या मजल्यावरच्या काकू मला स्वयंपाकघरात नेऊन सांगत, जणू तो नळ मीच बंद करून ठेवला होता. एकदा त्यांनी स्वतःच उपाय केला. वडिलांचा चष्मा कपाटातून काढून आईच्या हातात दिला आणि हळूच म्हणाल्या, "सुमन, बघ गं, त्यांचा चष्मा." आईने तो पदराने पुसला, उजेडात धरून पाहिला, डबीत ठेवला आणि काकूंना विचारले, "चहा घेणार का?" काकूच रडायला लागल्या.

सगळ्यांची भिस्त आता सरूआत्यावर होती. सरूआत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. पाथर्डीच्या बाजूची. दिवाळी झाली की ती, तिचा मुलगा संतूदादा आणि सून ऊसतोडीला जात, आणि त्या साली त्यांची टोळी कर्नाटकात कुठेतरी होती. संतूदादाचा मोबाईल फडात बंदच असे. निरोप पोचला तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. गळा काढण्यात आत्याचा हात धरणारे त्या भागात कोणी नव्हते. तिचा एक नियम होता. दुःखाच्या घरी जायचे तर वेशीपासून गळा काढायचा, मध्ये थांबायचे नाही, कोणी काही विचारले तरी उत्तर द्यायचे नाही, आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडेपर्यंत आवाज खाली येऊ द्यायचा नाही. वडील सांगत की लहानपणी तिने शेजारच्या गावी असा गळा काढला तेव्हा बैलांनीही वैरण सोडली होती. वडील अतिशयोक्ती करत नसत, म्हणून मला ते खरे वाटते. "सरूबाई येऊ द्या," सतरंजीवरच्या बाया म्हणत, "मग बघू कशी रडत न्हाई."

पण आत्याच्या आधी दत्तूमामा आला. आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडे रीत अशी की दुःख झालेल्या घरातून बाईला माहेरच्यांनी बाहेर काढायचे, चार दिवस आपल्याकडे न्यायचे, नवे लुगडे नेसवायचे, पोटभर खाऊ घालायचे. मग दुखवटा निघाला असे मानतात. मामाचे गाव अकोले तालुक्यात, अभयारण्याच्या कडेला, जिथे प्रवरा डोंगरातून उतरून धरणाच्या फुगवट्याला मिळते. वडिलोपार्जित भाताची खाचरे होती, आणि नदीलगतच्या पडीक तुकड्यावर मामाने त्याच वर्षी पुण्यामुंबईच्या लोकांसाठी सहा तंबू उभे केले होते. घरात त्याच्या धाकट्या मुलाला कांजिण्या आल्या होत्या. त्यामुळे दुखवटा तंबूत काढायचा असे त्याने ठरवले. "चार नंबर दिलाय तुमाला, अक्का," तो जीपमध्ये आईला सांगत होता, "पुण्याचे लोक त्याच्यासाठी भांडत्यात. बसल्या जागी डोंगर दिसतो."

आईने त्या तंबूकडे पाहिले ते मला अजून दिसते. नवऱ्याच्या मरणाने तिला जे विचारले नव्हते ते सगळे प्रश्न त्या तंबूने विचारले असावेत. दाराला उंबरा नव्हता, कडी नव्हती, भिंतीला खुंटी नव्हती, आणि देव कुठे ठेवायचे ते कळत नव्हते. दाराच्या चेनला तिने परकराची नाडी बांधून गाठ मारली आणि गाठीखाली पाण्याचा तांब्या ठेवला, म्हणजे कोणी आत आले तर वाजेल. पहिल्या सकाळी तो मीच वाजवला. बाहेर धुके होते आणि झाडीत कोणीतरी न थांबता शिट्टी मारत होते.

"कोण मेलं सकाळी सकाळी शिट्ट्या मारतंय?" आई म्हणाली.

"पक्षी हाय, अक्का. शीळकरी. लोक लांबून येत्यात ऐकायला."

"मग त्यांच्या तंबूकडे पाठव त्याला."

महिन्याभरात ती एका दमात एवढे बोलली नव्हती. मामाने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

मामाची अडचण वेगळी होती. तो शनिवार-रविवार होता आणि बाकीचे पाचही तंबू भरलेले होते. बहिणीने रडावे अशी त्याची मनापासून इच्छा होती. पण पाहुण्यांसमोर नको. चुलीपाशी नागलीच्या भाकरी थापल्या जात असताना तो तिच्याशेजारी उकिडवा बसून म्हणाला, "अक्का, सोमवारी समदे जात्यात. सोमवारी मोकळेपणी रड. कितीबी रड. नदीचा आवाज हाय, कोणाला ऐकू जात न्हाई." आई म्हणाली, "बरं." मग त्याने प्रत्येक तंबूत जाऊन सांगितले की चार नंबरमध्ये दुःखातली माणसे आहेत, तेव्हा गाणी जरा हळू. पुण्याची माणसे भली होती. त्यांनी गाणी हळू केली नाहीत, बंदच केली. दोन नंबरमध्ये एका मुलीचा वाढदिवस होता; तो त्यांनी कुजबुजत साजरा केला. दहा-बारा माणसे केकभोवती उभी राहून ओठ हलवत होती आणि टाळ्या बोटांनी वाजवत होती. केकचा एक तुकडा कागदी बशीतून आमच्याकडे आला. आणणाऱ्या बाईंनी तो देताना हात जोडले. आईनेही जोडले. तो केक मी खाल्ला, आणि दुःखात केक खाल्ल्याची टोचणी मला कितीतरी दिवस होती. आता वाटते, खाल्ला ते बरे केले. चांगला होता.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर मी पुस्तक घेऊन नदीकडे गेलो. मामाच्या आवाराच्या टोकाला, पाण्यापाशी, त्याने लाल अक्षरांत पाटी लावली होती: खोल पाणी, उतरू नये. पाटीच्या पलीकडे खरोखर डोह होता, पण अलीकडे पाणी घोट्याएवढे होते आणि पलीकडच्या काठावर एक मोठा खडक होता ज्याच्या मागे सावली होती, आणि जिथे कोणी माझ्याकडे दयेने पाहणार नव्हते. चपला भिजू नयेत म्हणून मी त्या पाटीखाली जोडीने काढून ठेवल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पलीकडे गेलो. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे वाटले नाही. खडकामागे दोन पाने वाचली आणि पुस्तक तोंडावर ठेवून झोपी गेलो.

पुढचे मला संतूदादाने नंतर सांगितले. आत्या, तो आणि भावकीतल्या सहा बाया पहाटे पाथर्डीहून निघून सकाळी सावेडीला पोचल्या होत्या. आत्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून गळा काढला आणि दोन जिने चढून वर आली, तर दाराला कुलूप. काकूंनी बाहेर येऊन सांगितले की मंडळी अकोल्याकडे नदीवर तंबूत राहायला गेलीत. आत्याला गळा मध्येच थांबवावा लागला. आयुष्यात पहिल्यांदा. "माझ्या भावाला जाऊन महिना न्हाई झाला," ती जीपमध्ये बसताना म्हणाली, "आन् हे सहलीला?" पण न भेटता माघारी जाणे तर शक्यच नव्हते. अभयारण्याच्या नाक्यावर तिकीट मागितले तेव्हा संतूदादा म्हणाला, "आमी दुखवट्याला आलोय, तिकीट कसलं?" नाक्यावरच्या माणसाने दरांची सगळी पाटी वाचून पाहिली. तीत मोठी माणसे होती, लहान मुले होती, वाहन होते, कॅमेरा होता, दुखवटा नव्हता. "कॅमेरा हाय का?" त्याने विचारले. नव्हता. शेवटी त्याने त्यांना स्थानिकांत धरले आणि सोडले.

जीप मामाच्या आवाराबाहेर थांबली. संतूदादा गाडी लावायला सावली शोधू लागला. आत्या उतरली आणि तिच्यापुढे प्रश्न उभा राहिला, जो तिला कधी पडला नव्हता. गळा काढायचा कुठून? गाव नव्हते, वेस नव्हती, गल्ली नव्हती, उंबरा नव्हता. नुसते गवत, सहा तंबू आणि पाणी. तिने सगळीकडे नजर फिरवली. आवाराच्या टोकाला माणसाने उभी केलेली एकच वस्तू दिसत होती. ती त्या पाटीपाशी गेली, दोन्ही हातांनी खांब धरला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि महिनाभराचा गळा काढला.

मी झोपून राहिलो ते नदीच्या खळखळाटामुळे. आवारातल्या एकाही माणसाला ते सुख नव्हते. खोल पाण्याच्या पाटीला धरून एक म्हातारी हंबरडा फोडते आहे, तिच्यामागे सहा बाया तोच सूर धरून उभ्या आहेत, आणि पाटीखाली चपलांचा एक जोड. वनखात्याचा एक गार्ड मामाकडे चहाला आलेला होता. त्याने कप खाली ठेवला आणि धावत जाऊन विचारले, "मावशी, कोण गेलं?" मध्ये थांबून उत्तर देणे आत्याच्या नियमात नव्हते. तिने नुसता हात केला. तो तिने तंबूंच्या दिशेला केला होता असे ती शेवटपर्यंत म्हणत असे. गार्डला तो नदीकडे केलेला दिसला. गार्डने शिट्टी फुंकली. मामाने ट्रकची ट्यूब काढली आणि सदऱ्यासकट पाण्यात उतरला. पुण्याची माणसे दोर घेऊन रांगेत उभी राहिली. कोणीतरी शहाण्याने माणसे मोजायला सुरुवात केली. एक नंबर पूर्ण, दोन पूर्ण, तीन, पाच, सहा पूर्ण. चार नंबरमध्ये दोन माणसे हवी होती.

आई भांड्यांपाशी होती. ती चालत काठावर आली, चपलांकडे पाहिले आणि म्हणाली, "विनूच्या." एवढेच. मग ती पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन उभी राहिली. तिला पोहता येत नव्हते.

मला जाग आली ती शिट्टीने. खडकामागून पाहिले तर पलीकडे पळापळ. सगळ्यांसमोर पाणी ओलांडताना मला लाज वाटली असती, म्हणून मी वरच्या अंगाला दगडांवरून फिरून आलो आणि रांगेच्या शेवटी पोचलो. दोन नंबरमधल्या केकवाल्या काकांनी मागे न बघताच दोर माझ्या हातात दिला.

"धर, घट्ट धर."

"काय झालं, काका?"

"मुलगा बुडालाय. सोळा-सतरा वर्षांचा."

मी दोर घट्ट धरला. आपण झोपलो होतो आणि तेवढ्यात आपल्याच वयाचे कोणीतरी गेले.

"ओळखीचा आहे?" मी विचारले.

"नाही रे. चार नंबरजवळ बसायचा म्हणे. चष्मा होता. पुस्तक घेऊन एकटाच असायचा, कोणाशी बोलायचा नाही."

मला हे सांगताना आजही संकोच वाटतो, पण मी खरोखर असा विचार केला की अशा मुलाशी आपले जमले असते. दोन दिवस इथे होता आणि आपण त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. मी नाकावर घसरलेला चष्मा वर सारला आणि दोर ओढू लागलो. आत्या पाटीला धरून रडत होती. मी तिला ओळखले, आणि मला वाटले, बघा, आत्या परक्या मुलासाठीही किती रडते. माणसाला स्वतःची जाणीव कधी कधी किती उशिरा होते याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही. काकांनी सांगितलेल्या त्या मुलाचे वर्णन माझ्या डोक्यात हळूहळू उतरत होते, चार नंबर, चष्मा, पुस्तक, आणि ते पूर्ण उतरायच्या आत पाण्यात उभी असलेली आई वळली.

तिने रांगेवरून नजर फिरवली ती माझ्यापाशी थांबली. ती पाण्यातून बाहेर आली. ओले लुगडे पायांत अडकत होते तरी ती घाई न करता आली. रांगेतली माणसे आपोआप बाजूला झाली. माझ्यासमोर उभी राहून तिने मला एक ठेवून दिली. आईने मला आयुष्यात मारलेली ती एकच. चष्मा उडून पाण्यात गेला, त्यामुळे पुढचे मी फक्त ऐकले.

"न सांगता गेलास?" ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्याने, "असं न सांगता कोणी जातं का? निदान सांगून तरी जायचं. जाते वेळी दारातून एक शब्द टाकता आला नाही का? मी ताट वाढून बसले होते."

माझ्या गालावर हात होता. माझे ताट मी जेवल्यावर स्वतः घासून ठेवले होते. जेवण होऊन दोन तास झाले होते. तेव्हा मला कळले की ती माझ्याशी बोलत नव्हती, आणि रांगेतल्या पुण्याच्या माणसांनाही बहुधा ते कळले, कारण कोणी हलले नाही. आई खाली बसली आणि रडली. ते रडणे आत्यासारखे सुरातले नव्हते. तिला सराव नव्हता. मध्येच श्वास अडकत होता, मध्येच खोकला येत होता. पाटीकडचा आवाज थांबला. मला नुसती हिरव्या लुगड्यातली एक आकृती जवळून जाताना दिसली. आत्याने तिला गळ्याशी धरले. गळ्यात पडेपर्यंत न थांबण्याचा नियम तिने मोडला होता. आता ती गप्प होती आणि आई रडत होती. आत्याने फक्त एकदाच म्हटले, "व्हय गं माझी बाय, न सांगताच गेला. मलाबी न्हाई सांगितलं."

मामा ट्यूबवर बसून नदीच्या मधोमध होता. त्याला काठावर काय झाले ते कळले नव्हते आणि तो अजून मला शोधत होता. गार्डने त्याला हाका मारून परत बोलावले. तो आला, मला पाहिले, आईला पाहिले, आणि हात-पाय ओले असलेल्या माणसाला जे सुचेल ते बोलला: "अक्का, सोमवार म्हनलो हुतो ना तुला."

आई रडता रडता हसली की हसता हसता रडली, मला चष्म्याशिवाय सांगता येणार नाही. आत्याने मामाला जे सुनावले ते मात्र स्पष्ट ऐकू आले. दुःखातल्या बाईला घराऐवजी कापडाच्या झोळीत ठेवतोस, वेस न्हाई, उंबरा न्हाई, माणसानं रडायचं तरी कुठून चालू करायचं? मामा ओला सदरा पिळत राहिला. पुण्याचे काका पुढे होऊन म्हणाले, "आजी, त्यांचं चुकलं नाही, आम्हालाच वाटलं कोणी बुडालं." आत्या म्हणाली, "तुमी कोन?" त्यांनी सांगितले, "दोन नंबर." एवढ्या माणसांनी एवढा दोर हातात धरलेला होता, त्याचे काहीतरी करायला हवे असे सगळ्यांना वाटत असावे. पुढचा अर्धा तास त्यांनी तो लावून माझा चष्मा शोधला. गार्डला सापडला. एक काच शाबूत होती.

संध्याकाळी चुलीपुढे दोन रांगा बसल्या. एकीकडे पाथर्डीची माणसे, दुसरीकडे पुण्याची, कारण त्या दिवशी पाहुण्यांसाठी वेगळी कोंबडी करायला मामाच्या अंगात त्राण नव्हते आणि सगळ्यांना पिठलेच मिळाले. मी एका काचेतून पाहत होतो. आईने एक भाकरी खाल्ली. मग तिने ताट पुढे केले. वाढणारी बाई मामाकडे पाहू लागली. मामाने मान हलवली आणि दुसरीकडे बघितले. दुसरी भाकरी तिने पूर्ण खाल्ली, माझ्या ताटात काही ठेवले नाही. आत्या तिच्या शेजारी बसून, न जेवता, तिचा हात वर-खाली होताना पाहत होती. त्या बाईने स्वतः ऊस तोडून या भावाला शिकवले होते आणि त्याच्यासाठी तिला धड रडायलाही मिळाले नव्हते. मधल्या गोंधळात ते राहूनच गेले. ती रात्री काठावर जाऊन एकटीच बसली असे संतूदादाने सांगितले. तेव्हा कोणी शिट्टी फुंकली नाही.

आई त्यानंतर बरीच वर्षे जगली; मोजायला बसलो की माझे चुकते. ती पुन्हा बोलू लागली, भाजीवाल्यांशी भांडू लागली. फक्त एक झाले. मी घरातून निघालो की ती विचारी, कुठे चाललास. दुधाची पिशवी आणायला निघालो तरी विचारी, आणि मी सांगितल्याशिवाय दार लावून घेत नसे. पुढे मी नोकरीला लागलो, माझे केस पिकले, तरी तेच. मला कधी कधी राग येई, पण सांगत असे.

आत्या आता नाही. मामाने तंबू काढून टाकले, तिथे कोणीतरी मोठे हॉटेल बांधते आहे. आई मागच्या वर्षी गेली. सावेडीच्या घरात मी एकटा राहतो. बाहेर पडताना अजून सांगून निघतो.